अमेरिकेतल्या गुलामगिरीचा टाइमलाइन चार्ट: आठ महिने भिंतीवर लावल्यानंतर

लेकीच्या सहावीच्या प्रोजेक्टसाठी मागवलेला, प्रोजेक्ट कधीच संपला पण चार्ट अजून डायनिंग टेबलामागच्या भिंतीवर आहे आणि खरं सांगू का, तिच्यापेक्षा मीच जास्त वाचलाय. तीन फूट रुंद, लॅमिनेटेड. वरण उडालं, पुसलं, काही झालं नाही. डावा कोपरा मात्र दुसऱ्याच महिन्यात गुंडाळायला लागला, आणि क्यूआर कोडपैकी निम्मे आता उघडतच नाहीत.

सुरुवात १६१९ पासून, व्हर्जिनियात पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकन माणसं उतरवली तिथून. ते शाळेत सगळे शिकतात. मी अडकले १६६२ च्या छोट्याशा चौकटीपाशी. व्हर्जिनियाचा कायदा, मूल गुलाम की मोकळं ते आईवरून ठरणार. म्हणजे बाप मालक असला तरी पोर गुलामच, उलट मालकाच्या इस्टेटीत भर! आता खालचा ग्राफ बघा, १८०८ पासून बाहेरून माणसं आणायला बंदी, तरी १७९० ला साधारण ७ लाख असलेले गुलाम १८६० ला ३९ लाखांच्या वर. मला आधी छपाईची चूकच वाटली.

कारण शेजारीच होतं, १७९३ चं एली व्हिटनीचं कॉटन जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. माझं माहेर वऱ्हाडातलं, जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर खेळलेय मी, त्यामुळे हे चटकन कळलं. सरकी काढायचं किचकट काम मशीनने झटपट व्हायला लागलं, मग कापूस लावा अजून, पण वेचायला हातच लागतात ना, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसं घरादारापासून तोडून खाली अलाबामा, मिसिसिपीला विकली. आणि १८६१ ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू होऊन तिकडचा कापूस अडला तेव्हा भाव कुणाला आला, तर आमच्या वऱ्हाडाला. हे चार्टवर नाही, असायची अपेक्षाही नाही, पण आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच झाली.

लेकीचं आवडतं चित्र हेन्री ब्राऊनचं. १८४९ मध्ये हा गुलाम माणूस सुटका करून घ्यायला रिचमंडहून लाकडी पेटीत बसून पार्सल म्हणून फिलाडेल्फियाला पोचला, सव्वीस-सत्तावीस तास, पेटी जेमतेम तीन फूट लांब, त्यातही 'ही बाजू वर' लिहिलेलं असून काही वेळ उलटी ठेवलेली. लेकीने मायक्रोवेव्हच्या खोक्यात बसून बघितलं. चार मिनिटांत बाहेर.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. आम्ही राहतो न्यू जर्सीत. चार्टवर आमचं राज्य १८०४ पासून हिरवं, म्हणजे 'मुक्त'. टीचर काहीतरी बोलल्या म्हणून लायब्ररीत बसून शोधलं तर १८०४ च्या कायद्याने त्या वेळी गुलाम असलेलं एकही माणूस सुटलं नव्हतं! त्या ४ जुलैनंतर जन्मलेली मुलंच फक्त, तीही मुलगी २१ ची आणि मुलगा २५ चा होईपर्यंत राबल्यावर. उरलेल्यांना १८४६ मध्ये 'आयुष्यभराचे अप्रेंटिस' असं नवं नाव दिलं, काम तेच. १८६० च्या जनगणनेत असे १८ जण होतेच. देशभर गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती तर आमच्या विधिमंडळाने १८६५ मध्ये आधी फेटाळली, मग देशभर लागू झाल्यावर जानेवारी १८६६ मध्ये हो म्हटलं.

लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर भागापुरता होता, गुलामगिरी असूनही बंडात न उतरलेल्या केंटकी-डेलावेअरला लागू नव्हता, हे मात्र चार्टने नीट दाखवलंय, तिरप्या रेघा मारून. मग तशाच रेघा आमच्यावर का नाहीत? विक्रेत्याला दोनदा मेल केली, उत्तर नाही.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचा तर मोठा साइज घ्या, लहानातली १६६२ ची चौकट चष्मा लावूनही वाचता येत नाही (मैत्रिणीकडे आहे). आमच्या हिरव्या न्यू जर्सीवर लेकीने काळ्या मार्करने १८ लिहून ठेवलंय, आणि लॅमिनेशनवरून ते पुसलं जात नाही, तेही एक बरंच.