८ बाय ४२ दुर्बीण: बॉल सोडून ५८ नंबर बघायला घेतली, सहा वर्षांचा अनुभव

रिव्ह्यू दुर्बिणीचाच आहे, पण यात फुटबॉल बराच येणार, कारण ज्या कामासाठी घेतली ते काम सांगितल्याशिवाय ती मला एवढी का आवडते ते कळणार नाही. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, त्यातही कॉलेजचा.

मी पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो, मूळचा कोल्हापूरचा. २०१९ साली माझा मावसभाऊ युजीनला युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनमध्ये शिकत होता आणि तो दर आठवड्याला फोन करून मागे लागायचा की दादा, एकदा इथल्या ऑट्झन स्टेडियमला ये, टीव्हीवर यातलं काहीच कळत नाही. शेवटी २६ ऑक्टोबरच्या वॉशिंग्टन स्टेटच्या मॅचची तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, बायकोने चिवडा आणि चकल्या बांधून दिल्या, त्या आम्ही पार्किंगमध्येच शेजारच्या गाडीवाल्यांबरोबर संपवल्या. सीट अगदी वरच्या ओळीत. स्टेडियम ५४ हजारांचं आहे आणि मैदान जमिनीच्या पातळीपेक्षा खाली, चारी बाजूंनी लोक वर चढत गेलेले, बघितल्या बघितल्या मला आपलं खासबागेचं कुस्ती मैदान आठवलं, तसंच वाडग्यासारखं, सगळ्यांच्या नजरा खाली मधोमध.

पहिला क्वार्टर मी सगळे करतात तेच केलं, बॉलच्या मागे डोळे पळवत बसलो. बॉल कुठे गेला, कोणाकडे आहे, तोवर शिट्टी. मग मावसभाऊ म्हणाला, "दादा, बॉल बघू नकोस. डावीकडचा ५८ नंबर बघ." आणि त्याच्या पलीकडे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसले होते, कानात रेडिओ, मांडीवर जुनी दुर्बीण, त्यांनी काही न बोलता ती माझ्या हातात दिली.

तो ५८ नंबर म्हणजे पेनेई सूएल. लेफ्ट टॅकल, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या ओळीतला अगदी डावीकडचा. अमेरिकन सामोआतल्या मालाएइमी गावचा, पुढे कुटुंब युटातल्या सेंट जॉर्जला आलं. त्या मॅचच्या वेळी वय १९ पूर्ण होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, उंची साडेसहा फूट, वजन १५० किलोच्या आसपास. ओरेगनच्या अडवणाऱ्या पाच जणांच्या ओळीत, म्हणजे लाइनमध्ये, बाकीचे चौघं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे आणि हा दुसऱ्या वर्षाचा, तरी सगळ्यात अवघड जागा याची. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जस्टिन हर्बर्ट उजव्या हाताने फेकणारा, म्हणजे फेकायला वळला की पाठ डावीकडे, तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती पाठ सांभाळणं हे सूएलचं काम.

आता दुर्बिणीतून काय दिसलं ते सांगतो.

पास असला की तो मागे सरकतो, पळत नाही, सरकतो, डावा पाय मागे टाकायचा आणि उजवा त्याच्या मागे ओढून घ्यायचा, दोन पायांतलं अंतर मोडू द्यायचं नाही, कंबर खाली, पाठ सरळ. हात लगेच पुढे जात नाहीत. समोरचा धावत येतो, हात मारतो, खांदा पाडतो, हुलकावणी देतो आणि हा थांबलेला असतो. मग एकदम दोन्ही तळवे त्याच्या छातीवर. बाहेरून धरलं तर होल्डिंगचा फाऊल, म्हणून हात आतच हवेत, छातीच्या चौकटीत. ज्यांनी तालमीत खडाखडी बघितली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. कोणाचा हात आत, कोणाची मान खाली, कोणाची टाच उचलली, कुस्ती तिथेच ठरते, पुढचं सगळं नंतर.

रनचा प्ले, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायची चाल, असला की वेगळाच माणूस. शेजारच्या शेन लेम्यूबरोबर मिळून एकाला ढकलायचं, तो हलला की लेम्यूच्या ताब्यात देऊन स्वतः पुढे लाइनबॅकरवर, म्हणजे लाइनच्या मागे उभ्या डिफेन्सवाल्यावर, जायचं, हे सगळं दोन सेकंदांच्या आत. आणि स्क्रीन पासला, म्हणजे जवळच्या जवळ पास देऊन पुढे अडवणारे पाठवतात तेव्हा, तर हा दीडशे किलोचा माणूस उघड्या मैदानात पळत सुटतो आणि समोर त्याच्यापेक्षा पन्नास-साठ किलोंनी हलका कॉर्नरबॅक, कडेचा डिफेन्सवाला, उभा. समोरचा पाठीवर उताणा पडला की त्याला इथे पॅनकेक म्हणतात, आपल्याकडे चितपट म्हणतो तेच. पॅनकेक झाला की आमच्या आसपासचे लोक उठून उभे राहायचे, बॉल तिकडे दुसऱ्याच टोकाला असायचा आणि हे इकडे बघून टाळ्या वाजवायचे. बॉलला हात न लावणाऱ्या माणसासाठी एवढी माणसं उभी राहतात, हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

त्या रात्री आमचा बॉल घेऊन पळणारा सीजे व्हर्डेल २५७ यार्ड धावला, ३ टचडाउन. पेपरात नाव त्याचं आणि ते बरोबरच आहे, पण मी दुर्बिणीतून त्याच्या आधी मोकळी होणारी वाट बघितली होती. मॅच ३७-३५, शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर, म्हणजे लाथ मारून खांबांमधून घातलेल्या बॉलवर, जिंकलो. गाडीत बसल्यावर मी पहिलं काम केलं ते फोनवर दुर्बिणी शोधायचं.

इथून रिव्ह्यू.

आधी मी जवळजवळ १० बाय २५ घेणार होतो, खिशात मावणारी, कारण वाटतं की १० पट म्हणजे ८ पेक्षा चांगलं. घेऊ नका, म्हणजे या कामासाठी तरी घेऊ नका. दोन आकड्यांतला पहिला म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत किती जाड ते कळतं. १० बाय २५ ला तो अडीच मिलिमीटर, ८ बाय ४२ ला सव्वापाच. दुपारच्या उन्हात फरक फारसा जाणवत नाही पण इथल्या अर्ध्या मॅच संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपतात, नोव्हेंबरमध्ये आभाळ भरलेलं, आणि फ्लडलाइट असले तरी लाइनची माणसं एकमेकांच्या सावलीत वाकलेली असतात. बारक्या दुर्बिणीतून ती काळी पडतात. माझ्या दुर्बिणीत मला सूएलच्या हाताला गुंडाळलेली टेप दिसायची, समोरच्याच्या तोंडातून निघणारी वाफ दिसायची.

दुसरं म्हणजे किती रुंद दिसतं. हिला १००० मीटरवर साधारण १३० मीटर रुंदी दिसते, म्हणजे १०० मीटरवर १३. वरच्या ओळीतून लाइनपर्यंतचं अंतर तेवढंच धरा. पाच जणांची लाइन सहा-सात मीटरमध्ये बसते, म्हणजे पाचही जण, दोन्ही कडांनी धावत येणारे डिफेन्सवाले आणि मागे क्वार्टरबॅक, एवढं सगळं दुर्बीण न हलवता एका चित्रात मावतं. हे फार महत्त्वाचं आहे कारण लाइनमन एकटा बघून कळतच नाही, त्याच्या शेजारचा काय करतोय ते दिसलं तरच त्याने पाय तिकडे का टाकला ते समजतं. १० पटीला रुंदी कमी होते आणि हात थरथरला की चित्र जास्त थरथरतं.

चष्मा लावूनच बघतो, डोळ्याजवळचे कप खाली फिरवले की पूर्ण गोल दिसतो, कडा कापली जात नाही. चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान १५ मिलिमीटर आहे ना ते बघून घ्या, माझ्यात १७ आहे. आत नायट्रोजन भरलेला, पावसात आतून धुकं धरत नाही. बाहेरच्या काचेवर मात्र चेहऱ्याच्या वाफेने धरतं, त्याला इलाज एक सुती रुमाल आणि दोन प्लेच्या मधला वेळ. ओरेगनचा पाऊस हिने सहा सीझन खाल्लाय, काच अजून स्वच्छ.

आता तक्रारी. सोबत आलेला पट्टा वाईट आहे, अरुंद आणि नायलॉनचा, पाऊण किलोच्या आतबाहेर वजन साडेतीन तास मानेवर म्हणजे दुसऱ्या दिवशी मान धरते, मी दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वेगळा घेतला. पुढच्या काचांची झाकणं पहिल्याच सीझनमध्ये एक हरवलं. फोकसचं चाक थंडीत जड फिरतं, हातमोजा घालून तर फारच. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीचा नियम आहे त्यामुळे दुर्बिणीची केस गाडीतच ठेवा आणि दुर्बीण गळ्यात घालून जा. ब्रँड मी लिहीत नाही कारण या मापाची, दीडशे डॉलरच्या आसपासची कुठलीही बऱ्यापैकी कंपनीची चालेल, आकडे मात्र हेच बघा.

सीटबद्दल एक. स्वस्तातली एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागची वरची सीट लोक टाळतात, दुर्बीण असेल तर ती मुद्दाम घ्या. तिथून लाइनच्या फटी सरळ समोर दिसतात, कोणती वाट उघडणार ते धावणाऱ्याच्या आधी तुम्हाला दिसतं. टीव्हीचा कॅमेरा बाजूने असतो आणि बॉल सुटला की निघून जातो, लाइनमनचं काम बघायचं तर ते स्वतः जाऊन बघण्यावाचून उपाय नाही.

तर बाबा. माझे वडील त्या हिवाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला आले होते. तरुणपणी तालमीत सात-आठ वर्षं काढलेली, पुढे गुडघ्यामुळे सुटलं, पण खासबागेतली मैदानं सोडली नाहीत. १६ नोव्हेंबरला त्यांना ॲरिझोनाच्या मॅचला घेऊन गेलो. फुटबॉलचा एक नियम माहीत नाही, स्वेटरवर स्वेटर घातलेले, मी डाउन म्हणजे काय ते समजावायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे, तो तुझा पैलवान कुठला ते दाखव." दुर्बीण दिली. दहा मिनिटं काढलीच नाही डोळ्यावरून. मग म्हणाले, "याचा पाय बघ. एकदापण दोन्ही पाय जुळत नाहीत याचे." आणि थोड्या वेळाने, "वस्ताद चांगला मिळालाय पोराला." मी सांगितलं की हेड कोच मारियो क्रिस्टोबाल स्वतः मायामी युनिव्हर्सिटीसाठी याच लाइनमध्ये खेळलेला आहे. बाबांनी नुसती मान हलवली, म्हणजे ते वेगळं सांगायला नकोच होतं. ३४-६ ने जिंकलो ती मॅच, स्कोअर त्यांनी मला घरी आल्यावर विचारला.

डिसेंबरमध्ये सूएलला आउटलँड ट्रॉफी मिळाली, १९४६ पासून देतात, देशातल्या सगळ्यात चांगल्या लाइनमनला, ओरेगनच्या कोणालाच तोवर मिळाली नव्हती. पण बाबांना जास्त आवडली ती मॉरिस ट्रॉफी, कारण ती कॉन्फरन्समधल्या, म्हणजे ओरेगन ज्या कॉलेजांच्या गटात खेळायचं त्यातल्या, समोरच्या लाइनवाल्यांच्या मतांवर द्यायचे. जे याच्याशी भिडले त्यांनीच सांगायचं की हा सगळ्यात भारी. बाबा म्हणाले हाच खरा मान.

३० नोव्हेंबरला ओरेगन स्टेटविरुद्ध २४-१० जिंकलो, थंडी मरणाची होती, आणि ऑट्झनवर त्याला खेळताना बघायची ती शेवटची वेळ ठरेल हे तिथे बसलेल्या कोणाच्याच मनात नव्हतं. पुढे युटाला हरवून कॉन्फरन्स जिंकली, १ जानेवारीला विस्कॉन्सिनवर २८-२७ असा रोझ बोल, म्हणजे नववर्षाची मानाची मॅच, आणि मग कोविड आला. २०२० चा सीझन तो खेळलाच नाही. २०२१ मध्ये व्यावसायिक लीगच्या, एनएफएलच्या, खेळाडू निवडीत डेट्रॉइट लायन्सने सातव्या नंबरवर घेतला, तिथे उजवीकडचा टॅकल झाला आणि त्या जागेवरचा सर्वोत्तम मानला जाऊ लागला. मी अजूनही युजीनला जातो, दरवर्षी दोन-तीन मॅच, आणि बॉल सुटायच्या आधी दुर्बीण आपोआप डाव्या टॅकलवर जाते. चांगली पोरं आहेत, मनापासून बघतो. पण थांबून, वाट बघून, मग हात टाकणं, ते त्याच्यासारखं परत दिसलं नाही.

बाबांनी परत जाताना दुर्बीण मागितली नाही पण बॅग भरताना दोनदा हातात घेऊन बघितली. मी तीच त्यांच्या बॅगेत टाकत होतो तर नको म्हणाले, तुला लागेल. मग विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी दुसरी आणली, हीच, याच कंपनीची, ८ बाय ४२. फक्त पट्टा आधीच बदलून दिला.