आजारावर लक्ष ठेवणारं फोनमधलं ॲप: नऊ महिन्यांनंतर

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार. त्यावर लिथियम हे औषध चालू आहे, आणि ऑगस्टपासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून फोनमध्ये हे ॲप आहे.

ते मेसेज वाचत नाही, बोलणं ऐकत नाही. स्क्रीन कधी चालू-बंद झाली, फोन किती हलला, मी कुठे कुठे गेले, एवढंच टिपतं आणि संध्याकाळी चार प्रश्न विचारतं. त्यावरून झोपेचा अंदाज बांधतं. मला तोच हवा होता, कारण आजार चढायला लागला की आधी झोप जाते, आणि मला मात्र फार छान वाटत असतं.

फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. आठवडाभर सगळेच जागे, त्यामुळे माझ्या जागरणाचं कुणालाच काही वाटलं नाही. लग्न आटोपलं, पाहुणे गेले, तरी रात्री अडीचला मी स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. मूगडाळीची चिठ्ठी तीनदा लिहिली, अक्षर मनासारखं येईना म्हणून. सकाळी ॲप उघडलं तर पाच दिवस झोपेची पट्टी तीन तासांच्या वर गेलीच नव्हती, त्यातले शेवटचे तीन दिवस लग्नानंतरचे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. लिथियमची पातळी तपासली, औषध बदललं. आधीच्या खेपेला याच टप्प्यावर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि मला दाखल करावं लागलं होतं.

अमेरिकेत २०१८ साली स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या मानसिक आजाराच्या १७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार उलटण्याआधीच्या दोन आठवड्यांत फोनमधल्या नेहमीपेक्षा वेगळ्या नोंदींचं प्रमाण एरवीपेक्षा ७१ टक्के जास्त होतं. १७ माणसं म्हणजे फार थोडी, पण वाचून मला धीर आला.

आता त्रास. बॅटरी सेव्हर चालू असला की ॲप मागच्या मागे बंद पडतं आणि तो दिवस ‘घरीच’ म्हणून दिसतो. लेक रात्री माझा फोन घेऊन बसली की जागरण माझ्या नावावर. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला अख्खं इंदूर रस्त्यावर असतं. काही वेगळं दिसलं की ॲप अलर्ट पाठवतं, आणि त्या रात्रीही तो गेलाच.

आणि तो थेट ह्यांच्या फोनवर जायचा. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मैत्रिणींबरोबर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खात उभी असताना ह्यांचा फोन, “औषध घेतलंस ना?” काळजीच होती, मला कळतं. पण चारचौघींत मान खाली गेली, आणि नंतर दोन महिने मी रात्री बाहेर पडलेच नाही. आलेखात ते ‘स्थिर’ म्हणून दिसत होतं!

शेवटी डॉक्टरांसमोर बसून बोललो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे, आणि आजारपणात कसे उपचार हवेत, आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. मी ह्यांचंच नाव लिहिलंय. फक्त अलर्टचा क्रम बदलून घेतला: आधी मला, मग डॉक्टरांना, आणि दिवसभरात मी उत्तर दिलं नाही तरच ह्यांना. लोकेशन घरच्यांना दिसत नाही.

ॲप घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या. मार्चपासून ह्यांना एकही अलर्ट गेलेला नाही. परवा झोप जरा कमी दिसली, तेव्हा मीच फोन त्यांच्या हातात दिला.