लिव्हरपूलची २०१९-२० ची जर्सी, पाठीवर ४ नंबर : घ्यावी का?

इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबची २०१९-२० ची होम जर्सी घेतली, ४ नंबरची, म्हणजे डिफेंडर व्हर्जिल व्हॅन डाइकची. लाल रंग, बारीक पांढऱ्या उभ्या रेघा, छातीवर स्टँडर्ड चार्टर्ड. त्या सीझनची ओरिजिनल आता सहज मिळत नाही, म्हणून पुण्यातल्या एका छोट्या दुकानातून फॅन व्हर्जन बनवून घेतली. दुकानाचं नाव देत नाहीये कारण पुढे थोडी तक्रार आहे.

आधी कापड. कापड खरंच चांगलंय, एकदम पातळ नाही, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, आणि धुतल्यावर लाल रंग पांढऱ्या रेघांमध्ये उतरला नाही, मला तीच भीती होती. लोगो एम्ब्रॉयडरीचा आहे, आतून हात फिरवला तर थोडा खरखरीत लागतो पण टोचत नाही. प्लेयर व्हर्जन पण दाखवत होते पण ते फार टाइट बसतं, रोज घालायला फॅन व्हर्जनच बरं.

आता तक्रार. भिंतीवर सलाह, मेस्सी, रोनाल्डो, एम्बाप्पे, सगळे लटकलेले, डिफेंडर एकही नाही. ४ नंबर मागितला तर दुकानातला मुलगा म्हणतो, "दादा, सलाहची तयार आहे, तीच घ्या ना, डिफेंडरची कोण घेतं?" ऑर्डर देऊन प्रिंट करायला लावली आणि स्पष्ट सांगितलं की नाव 'व्हर्जिल' असंच पाहिजे, कारण तो आडनाव लावत नाही, त्याच्या जर्सीवर फक्त पहिलं नाव असतं. तरी घ्यायला गेलो तेव्हा पाठीवर 'व्हॅन डाइक'! भांडण नाही केलं, पण पुन्हा करून घेतलंच. पहिलं प्रिंट काढलं तिथे गोंदाचा पुसट डाग राहिलाय, उजेडात धरलं की दिसतो. त्यासाठी एक स्टार कापला.

पण त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून जाईना, डिफेंडरची कोण घेतं. अरे घ्यायलाच पाहिजे! जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने साउदॅम्प्टनला ७.५ कोटी पाउंड देऊन ह्याला आणला, तेव्हा डिफेंडरसाठी जगात कुणी एवढे मोजले नव्हते, आणि लोक म्हणत होते की कोच क्लॉपला वेड लागलंय. पहिलीच मॅच एव्हर्टनशी, एफए कपमध्ये, आणि शेवटी शेवटी हेडर मारून ह्यानेच जिंकून दिली. २०१७-१८ मध्ये प्रीमियर लीगमध्ये टीमने ३८ गोल खाल्ले होते, पुढच्या सीझनला २२. त्यात गोलकीपर अ‍ॅलिसनचाही वाटा आहे, तो २०१८ च्या उन्हाळ्यात आला, सगळं श्रेय एकट्याला देणं बरोबर नाही. पण २०१९ च्या बॅलन डी'ऑरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, हा मेस्सीच्या फक्त सात पॉइंट मागे होता, एक सेंटर बॅक, म्हणजे मधला डिफेंडर!

मला त्याचा एक प्रसंग कायम आठवतो. ३१ मार्च २०१९, अ‍ॅनफिल्ड हे लिव्हरपूलचं घरचं मैदान, समोर टॉटनहॅम, १-१, मॅच संपत आलेली. काउंटर अटॅकवर टॉटनहॅमचा सिसोको बॉल घेऊन सुटलाय, बाजूला त्यांचाच सॉन, आणि मागे हा एकटा. दुसरा कुणी असता तर बॉलवर धावून गेला असता आणि सिसोकोने सॉनला पास देऊन विषय संपवला असता. हा गेलाच नाही. दोघांच्या मधल्या जागेत राहून मागे मागे सरकत राहिला, सॉनकडे जाणारी वाट बंद ठेवली, आणि सिसोकोला डाव्या पायाने मारायला भाग पाडलं. बॉल बारवरून बाहेर. थोड्या वेळाने टॉटनहॅमच्याच अल्डरवायरेल्डचा ओन गोल, लिव्हरपूल २-१. ह्यात टॅकल नाही, बॉल हिसकावला नाही, आकड्यांच्या रकान्यात काहीच जात नाही. कबड्डी बघणाऱ्यांना हे पटकन कळेल, कोपरारक्षक भारी असला की चढाईपटू त्या बाजूला पाय टाकायलाच कचरतो, मग त्याच्या पकडी मोजून काय कळणार?

आणि खरी किंमत कळली ती तो नसताना. १७ ऑक्टोबर २०२०, एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क, त्यांचा गोलकीपर पिकफर्डचा तो टॅकल, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, सीझन खलास. पुढे दुसरे सेंटर बॅकही जखमी, आधी गोमेझ गेला, मग मॅटिप गेला. लिव्हरपूल तेव्हा चॅम्पियन टीम होती, आणि ती टीम २०२१ च्या सुरुवातीला अ‍ॅनफिल्डवर लीगच्या सलग सहा मॅच हरली. बर्नली, ब्रायटन, सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. क्लबच्या इतिहासात असं कधीच झालं नव्हतं. आता ह्यात बघण्यासारखं काय आहे, तर सिटीने चार मारले आणि एव्हर्टनने दोन, ते सोडले तर बाकी चारही मॅच ०-१! म्हणजे मागे भगदाड पडलं असं नाही, पुढे गोलच होत नव्हते. सहा मॅचमध्ये मिळून एक गोल, तोही सलाहची पेनल्टी. कारण फॅबिन्यो आणि हेंडरसन ह्यांना मिडफिल्डमधून उचलून मागे उभं करावं लागलं, मग मिडफिल्ड पोकळ, आणि व्हर्जिल मागून जे लांब तिरके बॉल थेट विंगवर टाकायचा ते बंद, फुलबॅक, म्हणजे दोन्ही कडांचे डिफेंडर, तेही पूर्वीसारखे बिनधास्त वर जाईनात. एक डिफेंडर गेला आणि पुढच्या तिघांची धार गेली. हे सलाहची जर्सी घेणाऱ्यांनी पण लक्षात घ्यावं.

ह्याची दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर आंधळी भक्ती होईल. अ‍ॅस्टन व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ धुतलं तेव्हा व्हर्जिल मैदानातच होता, आणि २०२२-२३ मध्ये तो असूनही लीगमध्ये ४७ गोल खाल्ले, टीम पाचवी आली. पुढचं मिडफिल्ड थकलेलं असलं की माणसं थेट अंगावर येतात, मग कितीही मोठा डिफेंडर असो, एकटा काय करणार. माझं मत एवढंच की तो चांगल्या टीमला चॅम्पियन करतो, मोडकी टीम एकटा सावरू शकत नाही. २०२४-२५ ला तोच कॅप्टन होता आणि लीग परत आली, तेव्हा पुढचं मिडफिल्ड धडधाकट होतं.

असो, जर्सी. पाचपैकी चार. घ्यायची असेल तर प्रिंट करण्याआधी नावाचं स्पेलिंग मोबाइलवर दाखवा आणि कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. धुताना उलटी करून गार पाण्यात, नंबरवर इस्त्री अजिबात नको, कडा सुटतात. आणि साइझ नेहमीपेक्षा एक मोठा घ्या, पहिल्या धुण्यात खांद्याला थोडी आटते.