पानिपत : कादंबरीतले आणि इतिहासग्रंथातले

१४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई मी दोन वाटांनी वाचली: आधी विश्वास पाटील यांची १९८८ मधील ‘पानिपत’ ही कादंबरी आणि काही वर्षांनी त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा इतिहासग्रंथ. दिल्लीकडचा रस्ता तुटल्यावर मराठ्यांची रसद आटली, माणसे आणि जनावरे उपाशी राहिली, हे मला शाळेपासून ठाऊक होते. परंतु त्या उपासमारीची रोजची झीज पहिल्यांदा जाणवली ती कादंबरीत. शेजवलकरांकडे वळलो तेव्हा प्रश्नच बदलले: गोलाच्या लढाईचा, म्हणजे सैन्याचे कडे करून बिनलढाऊ माणसांना मध्ये घेत पुढे सरकण्याचा, बेत का ठरला, तो कोठे मोडला, आणि पराभवाचा सारा दोष मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंच्या माथी मारणे कितपत न्याय्य आहे. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटत नाहीत, तरी पत्रांची आणि बखरींची साक्ष वेगवेगळी तोलण्याची शिस्त मला त्यांच्यामुळेच लागली. कादंबरीतले भाऊंचे मनोगत लेखकाने रचलेले आहे, याचा मला वाचताना विसर पडला होता. ही उणीव मी कादंबरीची नव्हे, माझ्या वाचनाची मानतो. नव्या वाचकाच्या हाती मात्र मी आधी कादंबरीच देईन, कारण त्या माणसांविषयी आस्था निर्माण झाली, की शेजवलकरांची बारीक छाननी वाचण्याचा धीर आपोआप येतो.