विजयदुर्गचा गाईड: किल्ल्याला पाचपैकी पाच, हेलियमला दोन

डिसेंबरात नववीची अकरा पोरं घेऊन विजयदुर्गला गेलो. दरवाजापाशी एक गाईड भेटले. गळ्यात ओळखपत्र नाही, पण आवाज असा की बुरुजावरून जेटीपर्यंत पोचावा. दीड तासाचे पाचशे सांगितले, शाळेची सहल म्हटल्यावर चारशेवर आले.

किल्ल्यापुरते पैसे वसूल. तिहेरी तटबंदी त्यांनी लांबून बोट दाखवून उरकली नाही, दोन भिंतींच्या मधून चालवत नेली. तटावरच्या खळग्यांत पोरांना मुठी घालायला लावल्या, म्हणाले, ‘ह्ये गोळ्यांचे.’ 1756 साली आंग्र्यांचा हा किल्ला घेताना इंग्रजांच्या जोडीला पेशवेही होते, हे त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. बरेच जण ते गिळतात. पाणी विकत घ्यायची जागा आत नाही हेही आधीच बजावलं, ते बरं केलं.

मग आले साहेबाचे ओटे. गवतातले चौकोनी ओटे, बघण्यासारखं फार काही नाही. गाईड त्यातल्या एकावर चढले आणि म्हणाले, ‘हयच, ह्या ओट्यार, 18 ऑगस्ट 1868, लॉकियर सायबान हेलियम शोधून काढल्यान.’

मी सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. गप्प बसवेना.

त्या दिवशी खग्रास ग्रहण होतं, सावली आपल्या भागावरूनही गेली, सगळं खरं. पण ऑगस्टात कोकणात दुर्बीण रोवून सूर्याची वाट बघायची? आपण त्या महिन्यात कपडे वाळायची वाट बघतो. ग्रहणाच्या निरीक्षणासाठी फ्रान्सचे जान्सेन बसले होते गुंटूरला, जॉन हर्शेल जमखंडीला. आणि लॉकियर, हे ओट्यांचे साहेब, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ? इंग्लंडात, घरी. त्यांनी 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे सुटे केलेले रंग, पाहिला. ग्रहणावाचूनही त्या ज्वाळा दिसतात हे जान्सेननाही स्वतंत्रपणे सापडलं होतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून त्या शोधासाठी काढलेल्या पदकावर चेहरेही दोन.

लॉकियरना त्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली, तिचं पोरांना तोंडी सांगून कळेना. रात्री मुक्कामाच्या घरी काकूंच्या गॅसवर चिमूटभर मीठ टाकलं, ज्योत भडक पिवळी झाली. चपलेच्या खोक्यात सीडीचा तुकडा आणि ब्लेडच्या दोन पात्यांमधली फट, असं आमचं यंत्र. त्यातून सोडियमची रेघ लख्ख दिसली. नीट यंत्रात तिच्या दोन होतात, डी-1 आणि डी-2. लॉकियरना सूर्यात दिसली ती त्यांच्या शेजारची, पण त्यांच्यावर न बसणारी तिसरी, डी-3. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. कितीतरी जणांनी ती टर उडवण्याजोगी कल्पना मानली. 1895 साली लंडनात रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेंनी युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल ओतलं, वायू निघाला आणि त्यात तीच रेघ. सत्तावीस वर्षं एक मूलद्रव्य नुसतं रेघ म्हणून जगलं. (काकूंनी मात्र शेगडी खारट केली म्हणून मला झापलं.)

मग विजयदुर्गचे ओटे खोटे? छे. लॉकियर इथे आले होते, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला, ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन. जानेवारीचं आभाळ, कोकणातला माणूसही हाच महिना निवडेल. हेलियम तोवर बाटलीत येऊन तीन वर्षं झाली होती. माणूस तोच, ग्रहण वेगळं, तारखेत तीस वर्षांची गफलत, आणि दरवर्षी 18 ऑगस्टला हेलियम दिवसही इथेच साजरा होतो.

हे सगळं मी ओट्यावरच सांगितलं. गाईडांना राग नाही आला. म्हणाले, ‘सर, ता कागदार लिवन द्या.’ लिहून दिलं. त्यांनी घडी करून मोबाईलच्या कव्हरात सारली, वर पोरांना पाच-पाच बोरं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो, एका पोराची टोपी राहिली होती. पुण्याचं कुटुंब ओट्यांभोवती उभं होतं. मी दिसताच गाईड जरा थबकले, मग पूर्ण आवाजात: ‘साहेब हयसर आयलो 1898 साली.’ आजोबांनी विचारलं, ‘आणि हेलियम?’

‘ता पण हयच,’ म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं नाही.