इंटरसेप्टर ६५० आणि समुद्राखालची गाडी : युरोपात काही महिने वापरल्यानंतर

इंग्लंडमध्ये राहून मोटरसायकलने युरोप फिरायचं म्हटलं की पहिला प्रश्न इंग्लिश खाडी ओलांडायचा. गेल्या वसंतापासून मी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घेऊन फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये फिरतोय. माझं मत आता पक्कं झालंय : दक्षिण इंग्लंडमधून निघणार असाल तर डोळे झाकून ल शटलचं, म्हणजे खाडीखालच्या बोगद्यातून वाहनं पलीकडे नेणाऱ्या रेल्वेचं, तिकीट काढा.

डोव्हर-कॅलेची बोट कधी कधी स्वस्त पडते. पण तिचे दीड तास, गाडी पट्ट्यांनी आवळण्याचा खटाटोप आणि खवळलेला समुद्र हे सगळं आलंच. शटल ३५ मिनिटांत पलीकडे सोडते. फोकस्टनला एम-२० महामार्गावरूनच टर्मिनलमध्ये शिरता येतं आणि फ्रेंच अधिकारी पासपोर्ट इकडेच तपासतात. त्यामुळे पलीकडे कोकेलला उतरलात की थेट ए-१६ महामार्गाला लागायचं.

मोटरसायकली बहुधा सगळ्यात शेवटी चढवतात. पहिल्या गिअरमध्ये डब्यामागून डबा पार करत कर्मचारी हात दाखवेल तिथपर्यंत जायचं. गाडी थोडी तिरकी, साइड स्टँडवर, गिअरमध्येच ठेवायची. पट्टे लावत नाहीत. बसायला जागा नसते, गाडीशेजारीच उभं राहायचं. पावसातून आलात तर बूट ओले असतात आणि डब्याचा पत्रा घसरतो, तेव्हा पाय टेकताना जपा. रेल्वे ताशी १४० किमीपर्यंत धावते, तरी स्टँडवरची मोटरसायकल हलत नाही.

हा बोगदा १९९४ साली सुरू झाला. लांबी ५०.४५ किमी, त्यातले सुमारे ३८ किमी समुद्रतळाखाली. खरं तर बोगदे तीन आहेत : दोन रेल्वेचे आणि त्यांच्या मधे देखभालीचा. खोदण्यासाठी चिकणमाती मिसळलेल्या खडूचा थर निवडला, कारण तो खणायला मऊ आणि पाणी फारसं झिरपू न देणारा. डब्यात उभं असताना मला दरवेळी त्या कामगारांबद्दल आदर वाटतो.

आता गाडीबद्दल. ६४८ सीसीची दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती. फ्रेंच महामार्गावर १३० ची मर्यादा आहे आणि इंजिन तो वेग धरतं, पण उघड्या गाडीवर सगळा वारा छातीवर येतो. मी छोटी काच बसवून घेतली आणि १०५-११० वर रमलो. टाकी १३.७ लिटरची, म्हणून अडीचशे किमीच्या आत पंप गाठतो. रविवारी खेडेगावात पंपावर माणूस नसतो, कार्डानेच पेट्रोल मिळतं. एकापेक्षा जास्त कार्डं जवळ ठेवा.

या गाडीचं खरं सुख रँस शहरानंतर महामार्ग सोडला की सुरू होतं. व्होज डोंगरातला रूत द क्रेत हा रस्ता पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी बांधला. तो १४२४ मीटरच्या ग्राँ बालों शिखराच्या अंगाखांद्यावरून जातो. पुढे आल्प्समधला गालिब्ये घाट, २६४२ मीटर. ताम्हिणीत वळणं अंगात भिनलेल्या माणसाला हा घाट परका वाटत नाही, फक्त वर झाड म्हणून नाही आणि कडेला बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतकं समजूतदारपणे ओढतं की गिअर बदलायची घाई राहत नाही. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की मात्र वेग तोडा, पुढे सुटी खडी असते.

उजव्या बाजूने चालवताना सगळ्यांना भीती पहिल्या गोल चौकाची वाटते. तिथे समोर वाहनं असतात, त्यांच्या मागे जाता येतं. सांभाळायचं असतं ते पंपावरून रिकाम्या रस्त्यावर निघताना, कारण डावीकडची सवय तेव्हा जोर करते. आणि गावांमध्ये उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला बऱ्याचदा आधी जाण्याचा हक्क असतो. मागे बसणाऱ्यालाही हे सांगून ठेवा, दोन डोळे जास्त मिळतात.

ओव्हरटेक करून गेलेला फ्रेंच मोटरसायकलवाला उजवा पाय बाहेर काढतो, ते आभार असतात. मला हे फार आवडतं. आता माझाही पाय आपोआप निघतो.

साइड बॅगा मी कापडी घेतल्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात झिपमधून पाणी आत गेलं. आता गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाच्या वापरतो, कपडे कोरडे राहतात. खाण्यात चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी असते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे घरीच ठेवा.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. गाडीचं मूळ नोंदणीपत्र सोबत हवं, नंबरप्लेटवर यूकेची खूण हवी. फ्रान्समध्ये सीई प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत आणि चमकणारं जॅकेट जवळ असावं लागतं. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना मोटरसायकललाही घ्यावा लागतो.

उंच घाट साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुले असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी घाट उघडा आहे का ते पाहा. यॉर्कशायरमध्ये किंवा त्याच्याही वर राहत असाल, तर फोकस्टनपर्यंत उतरण्यापेक्षा हल-रॉटरडॅमची रात्रीची बोट जास्त सोयीची.