चाटण वीट टांगावी की खनिज मिश्रण मोजून द्यावं?

जनावराला काय कमी पडलंय ते त्यालाच कळतं, असं आपण सगळेच ऐकत आलो. मिठापुरतं ते खरं आहे. सोडियम घटलं की संप्रेरकं मिठाची ओढ वाढवतात, गरज भागली की ती ओसरते. तांबं, जस्त, सेलेनियम यांच्यासाठी अशी नेमकी ओढ असल्याचा भक्कम पुरावा नाही. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की गाई हाडं चघळतात, पण तीच गाय पेटीतल्या स्फुरदाच्या खणाकडे वळेलच असं नाही. प्रत्येक खनिजाचा वेगळा खण ठेवला तर निवड बरीचशी चवीवर होते. कडवट मॅग्नेशियम ऑक्साईड तसंच पडून राहतं.

वीट सोयीची, सांडलवंड नाही. पण कडक वीट चाटून दुभत्या गाईची गरज भागणं कठीण. पेटीतलं सुटं मिश्रण लवकर खाल्लं जातं. त्यात मीठच आमिष आणि मीठच लगाम: फार खात असतील तर मीठ वाढवायचं, खात नसतील तर कमी करायचं. मात्र शेजारीच साध्या मिठाची वीट टांगली की ओढ तिथेच भागते आणि मिश्रणाला कुणी तोंड लावत नाही.

माझं मत ठरलं ते एका त्रासामुळे. पेटीतून कुणी किती खाल्लं हे कळतच नाही. 10 गाईंनी 7 दिवसांत साडेतीन किलो संपवलं तर सरासरी 50 ग्रॅम, म्हणजे कागदावर अगदी बरोबर. पण मुक्त गोठ्यात दांडगी गाय पेटी अडवून उभी राहते आणि पहिलारू कालवड लांबूनच बघते. एकीनं 120 ग्रॅम खाल्लं, दुसरीनं 5, तरी सरासरी तीच. पेट्या वाढवून, लांब लांब ठेवून थोडा फरक पडतो, पण शंका जात नाही.

म्हणून दुभत्यांना मी मिश्रण आंबोणातूनच, म्हणजे भिजवलेल्या खुराकातूनच देतो: मोठ्या गाईला दिवसाला साधारण 50 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. दूध जास्त असेल तर पिशवीवरचं प्रमाण बघावं. भुकटी आधी मूठभर भरड्यात कालवावी आणि आंबोण ओलसर ठेवावं, नाहीतर ती तळाशी बसून गव्हाणीतच राहते. मीठ तेवढं वेगळ्या पेटीत मोकळं ठेवावं आणि जवळ पाणी कायम असावं. मिठाचा हिशेब गाईला खरंच जमतो.

चरायला सोडलेल्या, खुराक नसलेल्या भाकड जनावरांना मोजून देणं शक्यच नसतं. तिथे छपराखालची सुट्या मिश्रणाची पेटीच बरी वाटते. त्याच रानात मेंढ्या चरत असतील तर गाईंचं मिश्रण त्यांच्या तोंडी लागू देऊ नये. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि विषबाधा होते.